मिरवायचा एप्रन

दसरा सरला की आमच्याकडे माळ्यावरचे सामान खाली येते. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, कोणाच्या तरी मुंजीतले पाट आणि 'टाकवत नाही' एवढ्या एकाच गुणावर जगत आलेल्या कितीतरी वस्तू! दोन वर्षांपूर्वी अशाच आवराआवरीत माईआजीची पत्र्याची ट्रंक उघडली. माईआजी म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. ट्रंकेत दोन विरलेल्या इरकली साड्या होत्या, एक जाड लोकरीचा कोट होता, आणि मलमलीच्या फडक्यात नीट घडी घालून ठेवलेली एक विलक्षण वस्तू होती.

पांढऱ्या ऑर्गंडीचा तो एक एप्रन होता. कमरेपासून जेमतेम गुडघ्यापर्यंत येणारा. कापड इतके तलम, की पलीकडचा हात दिसावा. कडेला लाल झालर, एका बाजूला तळहाताएवढा खिसा, त्यावर कापून शिवलेल्या दोन चेऱ्या, आणि मागे फुलासारखी गाठ मारता यावी म्हणून दोन लांब, रुंद बंद.

माझी मुलगी तो उलटसुलट करून पाहत म्हणाली, "आई, हा एप्रन? आणि ह्याने फोडणीचा एक थेंब तरी अडेल का ग?"

तिचा गोंधळ मला समजला. आपल्या महाराष्ट्रात एप्रन म्हटला की डॉक्टरांचा पांढरा कोट डोळ्यांपुढे येतो. स्वयंपाकघरात आपल्याला त्याची गरज फारशी पडली नाही, कारण आपल्याकडे पदर होता. पदराने गरम पातेले उतरवता येते, पोराचे नाक पुसता येते, किल्ल्या बांधता येतात, आणि काम अंगावर आले की तो कमरेला खोचताही येतो. इंग्रजीत आईच्या मुठीतल्या मुलाला एप्रनच्या बंदाला बांधलेला म्हणतात. आपण त्याला आईच्या पदराआडचा म्हणू. तेव्हा एप्रन म्हणजे त्यांचा पदर, इतके मुलीला सांगून मी सुटले. पण तिचा प्रश्न काही सुटेना. जो थेंब अडवीत नाही, तो एप्रन शिवायचा कशाला? शाळामास्तरणीला प्रश्न पडला की ती पुस्तकांकडे धावते. त्या धावपळीत जे हाती लागले, ते यंदाच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी शब्दाचीच गंमत ऐका. जुन्या फ्रेंचमध्ये मेजावरच्या लहान कापडाला 'नापरॉन' म्हणत. इंग्रजांनी तो शब्द घेतला आणि 'अ नॅप्रन' असे म्हणता म्हणता 'न' पुढच्या शब्दावरून मागच्यावर सरकला. झाले 'अ‍ॅन एप्रन'! क्रिकेटच्या मैदानावरच्या अंपायराचेही असेच. तो मुळात 'नंपायर' होता, म्हणजे दोघांच्या जोडीत नसलेला तिसरा माणूस. त्याचाही 'न' असाच चोरीला गेला. आपल्या नारिंगाचा 'न' तर इंग्लंडला पोचण्यापूर्वी युरोपातच गळून पडला आणि त्याचे ऑरेंज झाले. नॅपकिन हा एप्रनचा सख्खा भाऊ, आणि भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगतो तो मॅप हा चुलतभाऊ. कारण ह्या सर्वांचा मूळपुरुष 'मप्पा', म्हणजे कापडाचा तुकडा, हा लॅटिन शब्द आहे.

हा कापडाचा तुकडा बायकांच्या कमरेला येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही कारागिरांच्या अंगावर होता. लोहार, गवंडी, चांभार यांचे एप्रन कातड्याचे असत. फिर्दौसीच्या शाहनाम्यात कावे नावाचा लोहार जुलमी राजा झहाक याच्याविरुद्ध उठतो, तेव्हा तो आपला चामड्याचा एप्रनच भाल्याला बांधून निशाण म्हणून उभारतो. एप्रन हे कष्टाचे चिन्ह होते. मग त्याला झालर केव्हा लागली, आणि त्यावर चेऱ्या कोणी लावल्या?

त्यासाठी आपल्याला विसाव्या शतकातल्या अमेरिकेत जावे लागते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सुखवस्तू घरांत मोलकरीण असे. पाहुणे आले की मोलकरीण पांढरा एप्रन बांधून वाढी आणि घरधनीण रेशमी पोशाखात मेजावर बसे. कोण मालकीण आणि कोण नोकर, हे एप्रनवरून दाराशीच कळे. पुढे कारखाने निघाले, कचेऱ्या निघाल्या आणि मुलींना घरकामापेक्षा बरे काम मिळू लागले. मध्यमवर्गीय घरांतली मोलकरीण हळूहळू नाहीशी झाली. दुसऱ्या महायुद्धाने तर उरलीसुरलीही नेली. राहिली एकटी घरधनीण. तिनेच रांधायचे, तिनेच वाढायचे, तिनेच पाहुण्यांशी हसून बोलायचे आणि शेवटी तिनेच भांडी घासायची!

मग तिने एक तोड काढली. दिवसभर स्वयंपाक करताना तिच्या अंगावर जाड सुती एप्रन असे. दारावरची घंटा वाजली की तो खुंटीला जाई आणि ऑर्गंडीचा एप्रन कमरेला येई. त्याचे काम थेंब अडवण्याचे नव्हतेच. त्याने पाहुण्यांना दोन गोष्टी एकदम सांगायच्या: हे सगळे मी माझ्या हाताने केले आहे, आणि तरीही मी इथली नोकर नव्हे, मालकीण आहे. माझ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

पण वाचकहो, हा नाजूकपणा काही एका दिवसात आला नाही. त्याच्या आधी गोणपाटाचा अध्याय आहे. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या शेतकरीणी पिठाच्या आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवीत. गिरणीवाल्यांच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. शंभर पौंडी पोत्यातून वारभराहून थोडे अधिक कापड निघे. एका एप्रनला ते पुरे. झग्याला मात्र एकाच नक्षीची तीन-तीन पोती लागत. तेव्हा दाणा आणावयास निघालेल्या नवऱ्याला बायको कापडाचा नमुना देऊन बजावी, की ह्याच फुलाचे पोते आण. नवरा बिचारा ढिगातले तळाचे पोते काढायला लावी! आमच्याकडे डालड्याच्या डब्यात तुळस लावणारी पिढी होती. तिला ह्या शेतकरीणी परक्या वाटल्या नसत्या.

देवळातल्या मंडळाची वर्गणी जमवावयाची तशी तिथल्या चर्चमधल्या बायका एप्रन शिवून विकत. त्यातली एक पद्धत मला फार आवडली. एका चिमुकल्या एप्रनच्या खिशात चार ओळींची विनंती घालून तो घरोघर पाठवायचा: आपल्या कमरेचा घेर मोजा आणि इंचाला एक पेनी ह्या हिशेबाने खिशात टाका. म्हणजे बाई जितकी धष्टपुष्ट, तितकी धर्माची भर! चौकडीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेले एप्रन तर घरोघर होत. शाळेतही मुलींना शिवणाच्या वर्गात पहिली वस्तू शिवायला देत ती बहुधा एप्रनच. सरळ शिवण, चुण्या, खिसा, पट्टी, असे सगळे शिवणशास्त्र त्या एका वस्तूत येते. आमच्या शाळेत झबले शिवायला देत, त्याची मला आठवण झाली.

युद्धाच्या वर्षांत मात्र एप्रनचे नशीब पालटले. अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरली. पुरुष आघाडीवर गेले आणि सुमारे साठ लाख बायका नव्याने कामावर रुजू झाल्या. त्यांनी विमाने जोडली, जहाजे सांधली, काडतुसे भरली. हातात स्वतःचा पगार आला. १९४५ साली युद्ध संपले, शिपाई परतले, आणि त्यांच्या जागा त्यांना मोकळ्या करून देण्यासाठी बायकांना निरोपाचे नारळ मिळाले. काही आनंदाने घरी गेल्या, कित्येकींना जावे लागले.

घरेही नवी होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ सालापासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहू लागली. चार वर्षांत सतरा हजारांवर घरे! एकासारखे दुसरे, रात्री उशिरा परतणारा नवरा दार चुकत असेल तर नवल नव्हे. मुले तर इतकी जन्मली, की १९५७ ह्या एका वर्षात त्या देशात त्रेचाळीस लाख पाळणे हलले. त्याच १९४७ साली पॅरिसच्या क्रिस्तियान दिओर याने घेरदार झगा आणि बारीक कंबर ही नवी तऱ्हा आणली. त्या कमरेवर अर्ध्या एप्रनची गाठ अशी काही खुलून दिसे, की जणू दोघांची सोयरीक आधीच जमलेली होती.

नव्या वसाहतीत ना सासू, ना नणंद, ना जुनी शेजारीण. ओळखी करायच्या तर घरी बोलवायला हवे. म्हणून पाहुणचाराचे एक नवे शास्त्र तयार झाले. वाढायला कोणी नाही, तेव्हा मेजावर सर्व पदार्थ मांडून ठेवायचे आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यायचे. ज्या भांड्यात पदार्थ भाजला, त्याच भांड्यातून तो वाढायचा, म्हणजे घासायचे एक भांडे वाचले. डबाबंद सूप, फरसबी आणि वरून तळलेला कांदा असा एक प्रकार १९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली ह्या बाईंच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. तो तिथे अजून सणाच्या पानात असतो. १९५० साली बेटी क्रॉकरचे जाडजूड सचित्र पाकपुस्तक निघाले आणि नव्या संसारांत पोचले. मौज अशी, की बेटी क्रॉकर नावाची बाई कधी झालीच नाही! गृहिणींच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी एका पिठाच्या कंपनीने १९२१ साली ते नाव घडवले. मी कादंबऱ्या लिहिते. पण माझ्या एकाही पात्राला वाचकांनी केक का बसला म्हणून पत्र लिहिलेले नाही. असा हेवा वाटावा असे ते पात्र!

ह्या पाहुणचारातून एक बाई मात्र खरोखर मोठी झाली. टप्परवेअरचे प्लॅस्टिकचे डबे दुकानात कोणी घेईना, कारण झाकण लावण्याची खुबी दाखवल्यावाचून कळत नसे. ब्राउनी वाईज हिने शेजारणींना घरी बोलावून, चहाफराळ करून ते विकण्याची पद्धत वाढवली, आणि ती इतकी चालली, की १९५१ साली कंपनीने दुकानांतून माल काढूनच घेतला. १९५४ साली 'बिझनेस वीक' ह्या व्यापारी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र आले; तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. १९५८ साली मालकाशी बेबनाव होऊन तिला काढून टाकण्यात आले. १९९६ साली ते डबे भारतात आले आणि आमच्या आळीतल्या बायकाही कोणाच्या तरी हॉलमध्ये जमून झाकणाचा 'फुस्' असा आवाज ऐकू लागल्या. माझी आई अशा एका बैठकीहून दोन डबे आणि चार नव्या मैत्रिणी घेऊन आली होती.

तरीही चेरीच्या खिशाआड जे होते, ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. लेव्हिटटाउनच्या करारात गोऱ्यांखेरीज इतरांना तिथे राहू द्यायचे नाही, अशी अट होती. काळ्या बायका एप्रन बांधीत, पण बहुधा दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, तेव्हा ३८१ दिवस ह्या बायका कामाच्या घरी पायी गेल्या. त्यांच्यात जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण होती. तिने मैत्रिणी जमवल्या. त्या घरी केक, पाय आणि तळलेली कोंबडी करून विकीत आणि पैसे चळवळीला देत. पैसे कुठून आले असे कोणी विचारले, तर 'कुठूनच नाहीत' म्हणता यावे, म्हणून मंडळाचे नावच ठेवले 'कुठलाच नव्हे' मंडळ! १९५६ साली मार्टिन लूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिल्यावर तिची नोकरी गेली. मग तिने आपल्या घरीच जेवणावळ घातली. तिच्या मेजावर किंग जेवत, आणि काळे-गोरे मांडीला मांडी लावून बसत. पाहुणचाराने ह्याहून मोठे काम क्वचितच केले असेल.

उलट टोकाला १९५९ सालचा मॉस्कोचा प्रसंग. तिथल्या अमेरिकन प्रदर्शनात एक नमुनेदार स्वयंपाकघर मांडले होते. २४ जुलैला त्यापुढे उभे राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि रशियाचे ख्रुश्चॉव्ह यांनी जगाच्या देखत वाद घातला. निक्सन म्हणाले, आम्ही गृहिणीचे कष्ट हलके करतो. ख्रुश्चॉव्ह म्हणाले, स्त्रियांकडे पाहण्याची ही तुमची भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही. दोघांपैकी कोणी घरी जाऊन ताट उचलून ठेवले असेल, असे मला वाटत नाही. पुढे १९६३ साली बेटी फ्रीडन हिने आपल्या पुस्तकात सजलेल्या घरात कोंडलेल्या बायकांची घुसमट उघड केली. घरोघरी धुलाईयंत्रे आली, तयार कपडे स्वस्त झाले, बायका पुन्हा नोकरीला निघाल्या. १९५० साली तिथल्या सुमारे एक तृतीयांश बायका नोकरीधंद्यात होत्या. १९७० पर्यंत त्या शेकडा ४३ झाल्या. ऑर्गंडीचे एप्रन कपाटात गेले.

आणि त्यातला एक आमच्या ट्रंकेत कसा आला? हे मला आईने सांगितले.

त्या काळी भारतातून अमेरिकेत कायमचे राहावयास जाण्याला वर्षाला १०० माणसांची मर्यादा होती. आमचे चुलत आजोबा मात्र शेतकीच्या शिक्षणासाठी दोन वर्षे आयोवा राज्यातल्या एम्स गावी गेले, १९५७ साली. बरोबर चोवीस वर्षांची माईआजी. त्या दिवाळीत तिने शेजारच्या चार बायकांना फराळाला बोलावले. रव्यासारखे काही मिळाले त्याचे लाडू, मैद्याची शंकरपाळी आणि कॉर्नफ्लेक्सचा चिवडा! चकलीची भाजणी कुठून आणणार? पाहुण्या बसल्या, माईआजीने वाढले, आणि ती रीतीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पाहुण्या खाईनात. घरमालकीण कुठे आहे, असे त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांच्यातली थोराड शेजारीण उठली. घरून येताना ती हा एप्रन घालूनच आली होती. तिने माईआजीचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवले, आपल्या एप्रनची गाठ घट्ट केली, आणि सर्वांत आधी तिच्या ताटात वाढले.

लग्नानंतर पाच वर्षांत कोणी आपल्याला बसवून वाढल्याचे माईआजीला आठवत नव्हते.

ती शेजारीण युद्धात काडतुसांच्या कारखान्यात होती. माझ्या नावाचा पगार यायचा, असे ती माईआजीला पुन्हा पुन्हा सांगे आणि मग गप्प बसे. १९५९ साली ही दोघे निघाली, तेव्हा तिने तो एप्रन आठवण म्हणून दिला.

साताऱ्याच्या घरात सोवळे कडक होते. तिथे ऑर्गंडीला कोण आत घेणार? माईआजीने तो एकदाही घातला नाही, अमेरिकेच्या गोष्टीही फारशा सांगितल्या नाहीत. पण सासूबाई गेल्या आणि घराची सूत्रे तिच्या हाती आली, तेव्हापासून आमच्या घरी एक नेम सुरू झाला. दिवाळीच्या पहिल्या दिवशी फराळाचे पहिले ताट, ज्यांनी फराळ केला त्यांना. देवाला नैवेद्य दाखवायचा, आणि मग पुरुषांच्या आधी घरातल्या बायकांनी पाटावर बसायचे, वाढायचे माईआजीने. आई नवी सून म्हणून आली, तेव्हा माईआजीने तिच्या हातचा झारा काढून घेतला आणि तिला बसवले. "पहिला लाडू काही केल्या गिळेना बघ," आई म्हणाली.

मी लहानपणापासून हा नेम पाहत आले आणि तो आमच्या घराण्याचा पिढीजात कुळाचार समजत आले. इतकेच नव्हे, तर एका कादंबरीत मी तो पेशवाईतल्या एका वाड्यात घालूनही दिला आहे! आता कळते, की त्या कुळाचाराचे वय माझ्या आईहून फारसे जास्त नाही, आणि तो आला आयोवातून.

इतिहास हा असा असतो. ज्या वस्त्राने तिकडे कित्येकींना गोड बोलून घरात बसवले, त्याच वस्त्राच्या एका मालकिणीने इकडच्या एकीला ताटावर बसवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी खोडून टाकावी असे मला वाटत नाही.

एप्रन धुतला, खळ लावून इस्त्री केला. गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने, वय वर्षे चौदा, तो थट्टेने कमरेला बांधला. थट्टेनेच तो वाढायला लागला. दुसऱ्या पंगतीपर्यंत थट्टा संपली होती आणि ऑर्गंडीवर चिवड्याच्या तेलाचा एक डाग पडला होता. मी तो काढण्याचा फारसा प्रयत्न केलेला नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याकडेही ताटे मांडली जात असतील. स्वयंपाकघराच्या दारात कोणी उभे आहे का, तेवढे एकदा पाहून या.